धरण, जलाशय आणि पाया : कोयनेच्या निमित्ताने संयुक्त गणनापद्धतीचा इतिहास

१

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, आष्टी तालुक्यात, कडा हे गाव आहे. या अवर्षणप्रवण परिसरात मेहकरी, कडा, कडी आणि रुटी असे मध्यम पाटबंधारे प्रकल्प आहेत. येथील ओढ्यानद्यांचे पाणी सीनेत जाते, सीनेचे भीमेत आणि भीमेचे कृष्णेत. दूरवरील कोयना नदीही कऱ्हाड येथे कृष्णेसच मिळते. दोन्ही प्रदेशांच्या तळाशी दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आहेत. पर्जन्यमान, धरणाचा आकार व बांधणी या सर्व बाबतींत कडा आणि कोयना ही दोन टोके असली, तरी अभियंत्यापुढील एक मूलभूत प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

तो प्रश्न असा. बांध, त्याने अडविलेले पाणी आणि दोहोंस आधार देणारी भूमी या निसर्गतः एकाच व्यवस्थेच्या तीन बाजू होत. अभ्यासाच्या सोयीसाठी मात्र त्यांची वाटणी तीन शास्त्रांत झालेली आहे. बांधाची मजबुती स्थापत्यशास्त्राने पाहावयाची, पाण्याची गती व दाब जलगतिशास्त्राने, आणि पायाचे वर्तन भूशास्त्राने व मृदायामिकीने. प्रत्येक शास्त्राने आपापली गणनासाधने सिद्ध केली. एका शास्त्राचे उत्तर दुसऱ्याने गृहीत धरावे आणि पुढे जावे, अशी रीत पडली. पाण्याचा दाब ‘दिलेला’ मानून बांधाची गणना होई. बांध ‘अचल’ मानून पाण्याची गणना होई. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. स्थिर पाणी आणि स्थिर बांध यांच्या सीमेवर जो व्यवहार चालतो तो एकतर्फी असतो. परंतु सीमेच्या दोन्ही बाजू हलू लागल्या, म्हणजे पाण्याचा दाब बांधाच्या हालचालीवर आणि बांधाची हालचाल पाण्याच्या दाबावर अवलंबून राहू लागते. अशा वेळी दोन स्वतंत्र उत्तरांची बेरीज हे संपूर्ण व्यवस्थेचे उत्तर ठरत नाही.

निरनिराळ्या शास्त्रांची गणनासाधने परस्परांस जोडून एकच व्यवस्था अभ्यासण्याच्या या पद्धतीस येथे ‘संयुक्त गणना’ असे म्हटले आहे. आज तिचा उपयोग विमाने, मोटारगाड्या, वीजजाळी, हवामान अशा अनेक क्षेत्रांत होतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र या पद्धतीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण कोयना धरणाचेच होय.

२

भूकंपाच्या वेळी धरणावर पाण्याचा किती जादा दाब येतो, या प्रश्नाचे पहिले मान्यता पावलेले उत्तर हॅरल्ड वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये दिले. अमेरिकेतील बोल्डर (पुढे हूवर) धरणाच्या निमित्ताने हा प्रश्न उभा राहिला होता. वेस्टरगार्ड यांनी धरण ताठ व त्याचे पाण्याकडील तोंड उभे मानले, आणि भूकंपाचा आवर्तकाल जलाशयाच्या स्वतःच्या आवर्तकालापेक्षा मोठा असल्याचे गृहीत धरले. या मर्यादेत त्यांना असे आढळले की, हादऱ्याच्या वेळी पाण्याचा परिणाम जणू काही पाण्याचा एक थर धरणास चिकटून त्याच्याबरोबर हलत असल्यासारखा असतो. या थराची जाडी वरून खाली वाढत जाते. ‘जोडवस्तुमान’ म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना इतकी सुटसुटीत होती की, पुढील तीन दशके जगभरच्या अभियंत्यांनी ती वापरली. पाणी हा वेगळा विषयच उरला नाही; तो बांधाच्या वजनात मिळवून टाकता येऊ लागला.

या सुटसुटीतपणाची किंमत काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. धरण ताठ मानल्यामुळे धरणाचे वाकणे आणि पाण्याचा दाब यांतील परस्परसंबंध तुटला. म्हणजे ज्या सीमेवर देवघेव व्हावयाची, तेथेच ती गृहीतकाने बंद केली गेली. स्वतः वेस्टरगार्ड यांनी आपली गृहीतके स्पष्टपणे मांडली होती. पण सूत्र हातोहात फिरू लागले, की त्याच्या अटी मागे पडतात. याही बाबतीत तसेच घडले.

गणिताच्या जोडीने प्रत्यक्ष लहान प्रतिकृतींचा मार्गही उपलब्ध होता, आणि त्याची थोर परंपरा महाराष्ट्रातच होती. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात स्थापन झालेल्या लहानशा शाखेतून खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था विकसित झाली. क्लॉड इंग्लिस यांच्या कारकीर्दीत तेथील नद्यांच्या व कालव्यांच्या प्रतिकृतींनी जागतिक कीर्ती मिळविली. प्रतिकृतीचा मोठा गुण असा की, तिच्यात पाणी आणि बांध यांची फारकत करण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही एकत्रच वागतात. परंतु तिलाही एक अलंघ्य मर्यादा आहे. लहान आकारात गुरुत्वाचे प्रमाण मूळ वस्तूशी जुळविले, तर तेच पाणी वापरून घर्षणाचे प्रमाण जुळत नाही. फ्रूड यांचा अंक साधला, की रेनॉल्ड्स यांचा सुटतो. भूकंपाच्या प्रतिकृतीत तर बांधाची लवचिकता आणि पाण्याची दाबक्षमता हीसुद्धा त्याच प्रमाणात उतरवावी लागते, आणि तसे पदार्थ सहसा उपलब्ध नसतात. सारांश, गणिताने व्यवस्थेचे तुकडे केले आणि प्रतिकृतीने प्रमाणे बिघडविली. १९६० च्या सुमारास हा पेच असाच होता.

त्याच काळात तिसरे साधन पुढे येत होते. बांधाचे लहान लहान घटकांत विभाजन करून गणकयंत्राच्या साहाय्याने प्रत्येक घटकातील प्रतिबल काढण्याच्या रीतीस बर्कलेचे रे क्लॉ यांनी १९६० मध्ये ‘परिमित घटक पद्धती’ हे नाव दिले. क्लॉ आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील नॉरफोर्क या भेग पडलेल्या काँक्रीट धरणास ती लावून दाखविली. बांधापुरते साधन आता हाती आले होते. पाणी आणि पाया मात्र अजून बाहेरच होते.

३

कोयना धरण हे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात बांधलेले रबल-काँक्रीटचे भारस्थायी धरण. पायापासून त्याची कमाल उंची १०३ मीटर, आणि लांबी ८०० मीटरहून काही अधिक. त्याचा छेद रूढ त्रिकोणी छेदाहून निराळा आहे. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, मागील बाजूचा उतार एकदम बदलतो. या बदलाच्या वरचा भाग पुष्कळसा उभट व जड आहे. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शिवाजीसागर जलाशय भरू लागला, आणि त्याबरोबर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. तथापि दख्खनचे पठार हे स्थिर ढालप्रदेशात मोडते, असा त्या वेळच्या शास्त्राचा सर्वसाधारण समज होता. भूकंपाच्या भारासाठी धरणाच्या वजनाच्या केवळ पाच टक्के इतके आडवे बल, उंचीभर सारखेच, धरण्यात आले होते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरण फुटले नाही. त्याच्या अंतर्भागातील दालनात बसविलेल्या त्वरणमापकाने मात्र एक अमूल्य नोंद केली. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीप्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके कमाल त्वरण नोंदले गेले. ०.०५ हा आराखड्यातील गुणक आणि ०.४९ ही नोंद यांची सरळ तुलना करणे शास्त्रशुद्ध नव्हे. एक आकडा सतत लावलेल्या कल्पित बलाचा आहे, तर दुसरा क्षणमात्र टिकलेल्या शिखराचा. तरीही दोहोंमधील अंतर उपेक्षणीय नव्हते.

पाहणीत आढळून आलेली गोष्ट संशोधकांना अधिक विचार करावयास लावणारी होती. उंच खंडांपैकी अनेकांत पुढील व मागील अशा दोन्ही तोंडांवर आडव्या भेगा होत्या, आणि त्या बहुतांशी उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास होत्या. जुन्या रीतीप्रमाणे पाहिले असता, धरणाचा धोका पायथ्याशी असावयास हवा होता. वरचा भाग सर्वांत सुरक्षित मानला जाई. उंचीभर सारखे बल धरणाऱ्या गणनेत या भेगांचे स्पष्टीकरण मिळण्याजोगे नव्हते. अनुत्तरित प्रश्नाचे गांभीर्य केवळ शास्त्रीय नव्हते. भेगा पडलेल्या भिंतीमागे जलाशय उभा होता, खाली कोयना-कृष्णेच्या खोऱ्यातील वस्ती होती, आणि त्या विजेवर मुंबईपर्यंतचे कारखाने चालत होते. धरण राखावयाचे कसे, हे ठरविण्यासाठी भेगा तेथेच का पडल्या हे कळणे अवश्य होते.

४

या प्रश्नाचा सर्वांत प्रभावी उलगडा बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. मूळचे भारतीय असलेले अनिल चोप्रा यांनी भूकंपकालीन जलदाबावर १९६७ च्या सुमारासच काम आरंभिले होते. पी. चक्रवर्ती यांच्यासह त्यांनी कोयनेची प्रत्यक्ष नोंद घेऊन केलेले विश्लेषण १९७३ मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

जलाशय हे केवळ ओझे नसून त्यालाही स्वतःचे स्पंदन आहे, हा या विचारसरणीतील कळीचा मुद्दा होय. तो साध्या आकड्यांनी समजून घेता येतो. पाण्यातून ध्वनी सेकंदास सुमारे १,४४० मीटर जातो. ९२ मीटर खोल जलाशयाची पहिली नैसर्गिक वारंवारिता ही ध्वनिवेगास खोलीच्या चौपटीने भागून मिळते. म्हणजे सेकंदास सुमारे ३.९ स्पंदने. कोयनेच्या उंच खंडाची, जलाशय रिकामा आणि पाया ताठ मानल्यास, पहिली नैसर्गिक वारंवारिता सुमारे ३ स्पंदने येते. दोन स्पंदक इतक्या जवळच्या वारंवारितेचे असून एकमेकांस चिकटून उभे असतील, तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करणे व्यर्थ होय. पाणी धरणाच्या स्पंदनास मंद करते, धरण पाण्यास ढवळते, आणि जलाशयाच्या तळाशी व पायाच्या खडकात काही ऊर्जा शोषली जाते. वेस्टरगार्ड यांच्या सूत्राची अट येथे पुरी होत नाही, कारण ज्या स्पंदनांनी धरण हलले ती जलाशयाच्या आवर्तकालापासून दूर नव्हती.

चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील काळात विकसित केलेल्या रीतीचे वैशिष्ट्य असे की, संपूर्ण व्यवस्थेस एकच साधन लावण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. धरणाचा आकार अनियमित, म्हणून त्यास परिमित घटक पद्धती. जलाशय दूरवर पसरलेला व नियमित, म्हणून त्यास सलग माध्यमाचे समीकरण. पायाचा खडक अमर्याद, म्हणून त्यास अर्धतलाचे गणित. प्रत्येक उपव्यवस्थेस तिला साजेसे साधन द्यावयाचे, आणि तिन्ही उत्तरे त्यांच्या सामाईक सीमांवर दोन अटींनी बांधावयाची. पहिली अट अशी की, सीमेवरील दोन्ही बाजूंची गती एकच असली पाहिजे. दुसरी अशी की, एका बाजूने दिलेले बल दुसऱ्या बाजूस तेवढेच मिळाले पाहिजे. १९८४ मध्ये ग्रेगरी फेन्व्हेस आणि चोप्रा यांनी हीच रीत एका संगणक-आज्ञावलीच्या रूपाने अभियंत्यांच्या हाती दिली.

१९७३ च्या विश्लेषणात, उतार बदलतो त्या पातळीवर दोन्ही तोंडांवर काँक्रीटच्या ताणशक्तीहून कितीतरी अधिक ताण-प्रतिबल निघाले. भेगांची जागा आणि गणनेची जागा जुळली. वरचा जड भाग चाबकाच्या टोकासारखा झोकला गेला, आणि जेथे छेद अकस्मात रुंदावतो तेथे प्रतिबल एकवटले. जुन्या गणनेत हा परिणाम दिसत नव्हता, कारण तिच्यात धरण झोकलेच जात नव्हते. छेदाच्या वेगळेपणाने हानी वाढली, हे खरे. परंतु रूढ छेदाची धरणेही अशा हादऱ्यात निर्धोक राहिली असती असे मानता येणार नाही, हाही निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा होता. त्यामुळे प्रश्न एका धरणाचा न राहता एका रचनापद्धतीचा झाला. कोयनेच्या भेगा बुजवून वरचा भाग पूर्वताणित पोलादी तारांनी बांधण्यात आला. नंतर मागील बाजूस काँक्रीटचे भक्कम टेके देण्यात आले. देशाच्या भूकंपविषयक मानकातही १९७० मध्ये बदल होऊन ‘शून्य’ हे क्षेत्र रद्द झाले.

५

संयुक्त गणनेचा पुढील इतिहास धरणांच्या बाहेर घडला. पाण्याखाली झालेल्या स्फोटाने पाणबुडीचे कवच कसे वागते, या प्रश्नासाठी अमेरिकेतील लॉकहीडच्या संशोधनशाळेत के. सी. पार्क, कार्लोस फेलिपा व जॉन डीरुंट्झ यांनी सत्तरीच्या दशकात काम केले. तेथे कवचाची आज्ञावली वेगळी आणि पाण्याची वेगळी होती, व दोन्ही मोडून एक करणे परवडणारे नव्हते. म्हणून दोहोंस आळीपाळीने चालवावे, असे ठरले. कालाच्या प्रत्येक लहान पावलात पाण्याच्या दाबाचा अंदाज घेऊन कवच पुढे न्यावयाचे, मग कवचाची नवी गती देऊन पाणी पुढे न्यावयाचे. या रीतीस ‘विभाजित विश्लेषण’ असे नाव मिळाले.

परंतु एक अनपेक्षित अडचण आली. दोन्ही आज्ञावल्या स्वतंत्रपणे निर्दोष असल्या, तरी जोडल्यानंतर उत्तर कधीकधी अमर्याद वाढत जाई. अंदाजाच्या उशिरामुळे सीमेवर प्रत्येक पावलात थोडी खोटी ऊर्जा निर्माण होते आणि ती साठत राहते. १९७७ मध्ये या तिघांनी अशा जोडणीस स्थैर्य देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. पुढे २००५ मध्ये कोझँ, झर्बो आणि नोबिले यांनी दाखविले की, द्रवाची घनता पदार्थाच्या घनतेच्या जवळ आली, तर साधी आळीपाळीची जोडणी कालपावले कितीही लहान केली तरी अस्थिर राहू शकते. त्यांचा विषय रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा होता. तथापि या अस्थैर्याचे मूळ वेस्टरगार्ड यांनी सांगितलेल्या त्याच जोडवस्तुमानात आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशा ठिकाणी प्रत्येक पावलात दोन्ही बाजूंचे समाधान होईपर्यंत उत्तरांची देवघेव पुनःपुन्हा करावी लागते.

एकविसाव्या शतकात हा प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर आला. मोटारीचे इंजिन, गतिपेटी आणि नियंत्रक यांची प्रतिरूपे वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या आज्ञावल्यांत तयार होऊ लागली. ती एकत्र चालविता यावीत यासाठी ‘मोडेलिसार’ या युरोपीय प्रकल्पात (२००८ ते २०११) एक सामाईक संकेत तयार झाला, आणि २०१० मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. प्रत्येक प्रतिरूपाने आपले अंतरंग झाकून ठेवावे, पण आत काय येते आणि बाहेर काय जाते हे ठरलेल्या रीतीने सांगावे, असे या संकेताचे स्वरूप आहे. यामुळे जोडणी सुलभ झाली. मात्र जोडणीचे प्रामाण्य त्याने आपोआप सिद्ध होत नाही.

याचे उदाहरण पुन्हा कोयनेचेच देता येते. काँक्रीटमध्ये भेगा कशा पसरतात याचे प्रतिरूप तपासण्यासाठी कोयनेचा छेद व १९६७ ची नोंद हे आज जगभर वापरले जाणारे प्रमाण-उदाहरण झाले आहे. ली आणि फेन्व्हेस यांच्या १९९८ च्या अभ्यासात ते आहे, आणि प्रचलित आज्ञावल्यांच्या मार्गदर्शिकांतही आहे. परंतु या उदाहरणात पुष्कळदा काँक्रीटची गणना अत्यंत सूक्ष्म असते, तर पाण्याचा परिणाम १९३३ च्या जोडवस्तुमानानेच धरलेला असतो. भेगांच्या अभ्यासापुरते हे सोयीचे असेल. पण एका बाजूची सूक्ष्मता दुसऱ्या बाजूच्या स्थूलतेस झाकते, आणि भेगांची जागा जुळली एवढ्यावरून संपूर्ण व्यवस्था समजली असे वाटू लागते. उत्तर जुळणे आणि कारण जुळणे यांतील भेद संयुक्त गणनेत विशेष जपावा लागतो.

६

कोयनेने दुसरा एक संबंध जगापुढे ठेवला, तो पाणी आणि भूगर्भ यांचा. जलाशयाच्या भारामुळे व खडकात मुरलेल्या पाण्याच्या दाबामुळे भूकंपास चालना मिळते, या घटनेचे कोयना हे जगातील सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. येथे गणनेची साधने आणखी भिन्न आहेत : एक भेगांमधून झिरपणाऱ्या पाण्याचे, दुसरे खडकातील प्रतिबलाचे, तिसरे प्रस्तरभंगावरील घर्षणाचे. झिरपा आणि विकृती यांना एकत्र बांधणारी समीकरणे मोरिस बियो यांनी १९४१ मध्येच दिली होती. उणीव होती ती खोलीवरील खडकाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांची. त्यासाठी केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे संशोधन केंद्र स्थापिले, आणि २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक वेधछिद्र पुरे झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून खालचा ग्रॅनाइटी पाषाण लागला. जोडणीचे गणित कितीही प्रगत असले, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंची मापे हाती नसतील तर ते पोकळच राहते, हे या खटाटोपावरून स्पष्ट होते.

७

आता पुन्हा कड्याकडे वळले पाहिजे. तेथील मातीच्या धरणांस कोयनेचे गणित जसेच्या तसे लावण्याचे कारण नाही. परंतु बांधातून होणारा झिरपा आणि बांधाच्या उताराचे स्थैर्य यांचा संबंध त्याच जातीचा आहे. तलाव झपाट्याने रिकामा झाला, तर बाहेरचा आधार जातो, पण चिकणमातीतील पाण्याचा दाब मागे राहतो, आणि पाण्याकडील उतार घसरू शकतो. झिरप्याची गणना एकाने आणि उताराची दुसऱ्याने केली, व मधल्या दाबाचा आकडा अंदाजाने घेतला गेला, तर दोघांचीही गणना बरोबर असून बांध धोक्यात राहू शकतो. मराठवाडा भूकंपापासून दूर आहे हा समजही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने खोटा ठरविला. किल्लारीचा परिसर तोवर मानकाच्या सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या मानकात ते क्षेत्रही उरले नाही.

या इतिहासावरून एक निष्कर्ष निश्चितपणे काढता येतो. कोयनेच्या आराखड्यात कोणत्याही एका शास्त्राची गणना, तिच्या गृहीतकांपुरती, चुकीची नव्हती. उणीव होती ती शास्त्राशास्त्रांच्या सीमेवर, आणि त्या सीमेची जबाबदारी कोणत्याच एका शास्त्राकडे नव्हती. संयुक्त गणनेने ही जबाबदारी प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडली : सीमेवर काय दिले जाते, काय घेतले जाते आणि ते जुळते की नाही, याचा हिशेब ठेवलाच पाहिजे. विद्यापीठांतील अभ्यासक्रम आजही त्याच जुन्या विभागांत वाटलेले आहेत, आणि विशेषज्ञतेसाठी ते तसे असणे स्वाभाविक आहे. मात्र स्थापत्य, जलविज्ञान आणि भूशास्त्र या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एखादा लहान तलाव एकत्रितपणे अभ्यासावा, त्याच्या मापांची देवघेव करावी आणि परस्परांची गृहीतके तपासावीत, हे सहज शक्य आहे. त्यासाठी कोयनेएवढ्या धरणाची आवश्यकता नाही. कड्याचा तलावही पुरेसा आहे.